चिंचपुऱ्यातल्या जिन्याची सात दारं

शनिवार, १७ जानेवारी. पुसद.

हजर: मी, आमच्या संस्थेचे बाबरसर, आयटीआयमधून निवृत्त झालेले, हातात पक्कड असली की खूश, आणि रेहाना, आमच्या सांगलीच्या वसतिगृहाची गृहप्रमुख, जिला सगळी मुलं दीदी म्हणतात. शिवाय दोन पोती. पोत्यांची हजेरी मुद्दाम लावतेय, कारण या प्रवासात आम्हा तिघांपेक्षा जास्त चर्चा त्यांचीच झाली.

आधी कशासाठी गेलो ते सांगते. बालगृहातल्या मुलाला अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. सकाळी केक कापतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी ते मूल पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभं असतं. कुणाला मामा-मावशी सापडते. बाकीचे बसस्थानकावर, दुकानाच्या फळीवर, मित्राच्या गॅरेजमध्ये झोपतात. अशा मुलांसाठी सांगलीत आमचं छोटंसं वसतिगृह आहे. आता तिथली एक जुनी चाळ पाडून नवी इमारत उभी राहायची आहे आणि त्यात आठ खोल्या आमच्या मुलांना द्यायचं मालकांनी कबूल केलंय. पण आठही खोल्या एका बाजूला, वेगळ्या जिन्याने घ्यायच्या, की एकेक करून घरांच्या मध्ये? मालक म्हणतात वेगळ्या, मीही मनातून त्याच मताची होते. देखरेखीला सोपं. आर्किटेक्टला महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. पुसदच्या चिंचपुऱ्यात वस्ती नव्याने बांधताना असंच काही केलंय असं कळलं, म्हणून निघालो.

नांदेडपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. नांदेडला एसटीत चढलो आणि पोत्यांनी तोंड उघडलं. गाडीने खड्डा घेतला की आतून घंटानाद. कंडक्टरने विचारलं, भांडेवाले का? मी म्हटलं, नाही, संस्थेचं सामान आहे. त्याने लगेजचं तिकीट फाडलं आणि संस्थेवर विश्वास बसला नसल्याचं चेहऱ्यावर ठेवलं. पैनगंगेचा पूल ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरलो तोवर शेजारच्या बाईने पोत्याच्या भोकातून पातेल्याचा काठ चाचपून भाव विचारला होता. बाबरसर तिला सांगायलाही लागले. मी त्यांना कोपराने ढोसलं.

पोत्यांत काय होतं? एका माणसाच्या संसाराला लागणारं सगळं. सुई-दोऱ्यापासून बादलीपर्यंत. आमच्याकडे नव्या मुलाला खोली मिळते त्या दिवशी हा पूर्ण संच देतो. ही यादी मी गेली कितीतरी वर्षं घासूनपुसून तयार केलीय. पूर्वी तिच्यात गाळणी नव्हती, नखं कापायचं यंत्र नव्हतं. चिंचपुऱ्यात राहून तिथल्या या खोल्यांचं बघणाऱ्या शीलाताई फोनवर म्हणाल्या होत्या, नवी मुलगी यायचीय, नाव पूनम, आमच्याकडे प्रत्येक घरून एकेक वस्तू देत असतात. मी ऐकलं ते असं, की बिचारे जमेल तसं जमवतात. मग म्हटलं, आपणच एक संच नेऊ. त्यांची धावपळ वाचेल.

उमरखेड सोडलं की रस्ता डोंगरांत शिरतो. जानेवारीत साग पानं गाळायला लागलेला असतो, तळहाताहून मोठी पानं रस्त्यावर घरंगळतात. आणि कापूस! कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले. आमच्या सांगलीकडे उसाच्या मोळ्या सांडतात आणि पोरं पळवतात. हा कापूस कुणी काढत नाही, झाड आपलं नटून उभं.

पुसदच्या बसस्थानकावर शीलाताई स्वतः आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज उंच. "जयभीम, नमस्कार, काही खाल्लं का?" हे तिन्ही एका दमात. पोती बघून त्या थोड्या थबकल्या आणि मग रिक्षाला हात केला. ते थबकणं मला तेव्हा कळलं नाही.

चिंचपुरा म्हणजे पूर्वी जिनिंगच्या मजुरांची टिनाच्या छपरांची वस्ती. बौद्ध घरं जास्त, मग बंजारा, काही मुसलमान, काही कचेरीत नोकरी केलेली घरं, सगळी एकाच गटारीच्या दोन काठांवर. आता तिथे दुमजली इमारती आहेत. दोन उभ्या राहिल्या, तिसरीचे खांब वर आलेत. एका जिन्याला आठ दारं. सात कुटुंबांची, आठवं एकट्या पोराचं. त्याला तिकडे पोट्ट्याची खोली म्हणतात, मुलगी राहत असली तरी.

जेवण शीलाताईंकडे. तुरीच्या ओल्या दाण्यांना तिकडे सोले म्हणतात; सोले-वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. आमचा खरडा आणि त्यांचा ठेचा भाऊ-भाऊ आहेत, पण हा थोरला. बाबरसरांनी फुशारकीने मोठा घास घेतला आणि लगेच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. रेहानाला शेंगा आवडल्या, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. दारात बाजेवर बसून समोरच्याने त्या सोलायच्या आणि आपल्याशी बोलायचं, आपणही सोलायच्या. आमच्याकडे पाहुण्याला काम लावत नाहीत. पण हात गुंतले की गप्पा बऱ्या होतात, हे तिथे पटलं.

संध्याकाळी पूनम आली. एकोणीस वर्षांची, सडपातळ, केसांत कापसाचे तंतू. गाद्या-रजया भरायच्या दुकानात काम करते. बालगृह सुटल्यापासून त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत झोपत होती. पण आता हंगाम आला, मालकाला कापूस ठेवायला तीच खोली हवी. सोमवारपर्यंत रिकामी कर, असं त्याने सांगितलं होतं. चिंचपुऱ्यातली ही खोली मिळाली नाही तर तिसरी इमारत होईपर्यंत, म्हणजे पुढचा पावसाळा उलटेपर्यंत, पुसदमध्ये तिच्यासाठी जागा नव्हती. हे तिने सांगितलं नाही, शीलाताईंनी सांगितलं. पूनम फक्त हो-नाही करत होती.

खोली शीलाताईंच्याच जिन्यावर, वरच्या मजल्याला. रिकामी, स्वच्छ, खिडकीतून डोंगर. रिकामी खोली दिसली की आम्हा तिघांना राहवत नाही. बाबरसरांनी पिशवीतून ड्रिल काढलं आणि खुंट्या मारल्या. रेहानाने फळीला कागद लावला. मी पोती सोडली. तासाभरात मांडणी लागली: ताट, वाटी, पेला, तवा, पातेली, पोळपाट, कोपऱ्यात बादली, अंथरूण, उशाशी दिवा. जिन्यावरच्या बाया येऊन बघून जात होत्या. छान हाय, म्हणत होत्या. पूनम मध्ये उभी राहून ताटात आपला चेहरा बघत होती. स्टीलवरचं दुकानाचं लेबल तिने काढू दिलं नाही.

मी रात्री वहीत खूण केली: संच दिला. आणि शांत झोपले.

रविवार, १८ जानेवारी.

सकाळी बोचरी थंडी, पण कोरडी. नाश्त्याला आलुबोंडा आणि वरून कढी. आम्ही वस्ती बघायला निघालो. नळ कसे, कचरा कसा, जिन्यावरचे दिवे कुणाच्या मीटरवर. मी सगळं उतरवून घेत होते. त्याच वेळी पूनम दारोदार फिरत होती. खोली मिळण्याआधी असं फिरायचं असतं, सातही घरी मागायचं असतं, हे तेव्हा आम्हाला धडपणे ठाऊक नव्हतं.

साडेदहाच्या सुमारास ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली दिसली. रिकाम्या हातांनी.

"कोणी काही देऊन नाही राह्यलं," ती म्हणाली.

काय झालं ते खालच्या मजल्यावरच्या जमनाबाई राठोडांनीच सांगितलं. साठीच्या, हातभर बांगड्या, जिन्यावरच्या सगळ्यांची टर उडवायचा परवाना असलेल्या. पूनम त्यांच्या दारात गेली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अवो, तुयाकडं तं माह्या सुनंपेक्षा जास्त भांडे हायत. आता मी तुले काय देऊ, आशीर्वाद?" बाकीच्यांनी एवढं तोंडावर म्हटलं नाही, पण प्रत्येकाला तेच वाटलं होतं. त्या नव्या कोऱ्या मांडणीशेजारी आपली पोचे पडलेली बादली कुठल्या तोंडाने ठेवायची?

मी शीलाताईंना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी आधी माझ्या हातात शेंगांची परडी दिली, मग सांगितलं.

इमारती बांधेपर्यंत चिंचपुरा सगळाच्या सगळा नदीकाठच्या टिनाच्या शेडमध्ये राहिला होता. मध्ये भिंती म्हणजे पोत्यांचे पडदे. चुली एकत्र, पाणी एकत्र, आणि भांडी अशी मिसळली की कुणाची कढई कुणाकडे याचा पत्ता लागेना. नव्या घरांत आल्यावर सगळे एकमेकांच्या दारी आपापल्या वस्तू ओळखायला गेले. आणि बहुतेकांनी म्हटलं, राहू दे तुझ्याचकडे. त्याच आठवड्यात पहिला मुलगा आठव्या खोलीत आला, त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्यालाही असंच प्रत्येक घरून काहीतरी दिलं गेलं. वापरातलं, घरचं. आणि आपोआप एक रीत पडली. ज्या घरची बादली, त्या घराने पोराच्या पाण्याची चौकशी करायची. ज्या घरचा तवा, त्या घराने बघायचं की हा जेवला का. ज्या घरची चादर, त्यांना ताप आधी कळतो. सात वस्तू आल्या म्हणजे सात घरांनी होकार दिला. त्याशिवाय खोली देत नाहीत.

"मग काल का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

"तुमी पाहुणे. पाहुण्यानं पोतं सोडलं तं परत बांधा म्हणाव का आमी?" त्या म्हणाल्या. "अन् मले वाटलं, तुमाले फोनवर सांगतलंच होतं."

सांगितलं होतंच. मी त्याची बेरीज माझ्या पद्धतीने केली होती.

चूक समजली की ती दुरुस्त करायची, हा माझा स्वभाव. मी लगेच वर गेले, रेहानाला हाक मारली, पोती झटकली. संच सांगलीला परत न्यायचा, संध्याकाळपर्यंत पूनमला पुन्हा सगळ्या दारी पाठवायचं, सोपं. तवा उचलला, एवढ्यात पूनम दारात येऊन उभी राहिली.

"हे वापस नेऊन राह्यले का?"

मी समजावलं. ती ऐकत होती, पण नजर मांडणीवर होती. कालपासून हो-नाही करणारी मुलगी मग एकदम बोलली.

"लहानपणापासून दुसऱ्याचंच घातलं मी, ताई. फ्रॉकच्या आत दुसऱ्याचं नाव शिवेल राहे. माह्या ताटावर कोणाच्या तरी बारशाचं नाव कोरेल राहे. हे कोरं हाय. हे माह्यं हाय. मी नाही देत."

रेहाना माझ्याकडे बघत होती, मी बाबरसरांकडे, बाबरसर खुंटीकडे. वसतिगृहात इतकी वर्षं आम्ही याच कारणासाठी नवा संच देतो. मुलांनी दुसऱ्याचं उतरलेलं पुष्कळ वापरलं, आता नवं द्यावं, म्हणून. पूनमचं चुकत नव्हतं. शीलाताईंचंही नव्हतं. आणि संध्याकाळी दिवेलागणीला जिन्याची बैठक होती, खोली द्यायची की नाही ते तिथेच ठरणार होतं. मी तवा खाली ठेवला आणि आम्ही जिना उतरलो.

दुपारी आमच्यासाठी रोडग्यांचा बेत ठरलेला होता. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या पेटवल्या होत्या. जाड्याभरड्या गव्हाच्या पिठाचे मुठीएवढे गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप आणि वांग्याची झणझणीत भाजी. आमच्याकडे एवढी मेजवानी हुरड्याला असते, पण हुरडा हा शेतमालकाचा कार्यक्रम. इथे प्रत्येक घरातून पीठ आणि प्रत्येक घरातून एक माणूस. बाबरसरांना रोडगे उलटायचं काम मिळालं. दोन त्यांनी कोळसा केले, ते त्यांच्याच पानात पडले.

जेवताना सगळे मोठ्याने बोलत होते, म्हणजे पूनमबद्दल कुणी बोलत नव्हतं. ती आली ती आपलं नवं ताट घेऊनच, लेबलासकट. बाकी सगळे पत्रावळींवर. ती जमनाबाईंच्या शेजारी बसली, दुसरीकडे जागा नव्हती.

जमनाबाईंनी ताटाच्या काठावर नखाने टिचकी मारली. "आवाज बढिया हाय."

"आवडला?" पूनम म्हणाली. "मंग घ्या. तुमचं जुनं मले द्या."

हे तिने चिडून म्हटलं होतं. टोमणाच होता तो. पण जमनाबाईंनी भाजीचा हात तसाच थांबवून विचार केला.

"ताट नको. ताट हायत बम, ढीगभर. तवा नवा हाय ना तुयाकडं?"

"हाय."

"माहा तवा तीस वर्साचा हाय. लग्नात याडीनं देल्ला." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "तो नाही देत मी."

"मंग राहू द्या," पूनम म्हणाली.

"अवो, राहू द्या काय? बोलणं तं कर." आणि जमनाबाई पानावरून उठल्याच. "बोहारीण आली वो जिन्यावर, बोहारीण! जुनं काढा, नवं घ्या!"

पुढचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. पूनम पुढे, तिच्या काखेत पातेली, हातात बादली. मागे अर्धा चिंचपुरा. दारोदारी सौदा. एका घरी बादलीवर बादली झाली. दुसऱ्या घरी उशी घेतली आणि गोधडी दिली. वर त्या घरच्या सुनेने सांगितलं, हिच्यात माझ्या दोन पोरांची शी-शू झालेली आहे, पण धुतलीय. पूनम हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शीलाताईंनी आपला पोळपाट दिला, एका पायाने लंगडा, आणि नवा घेताना तीनदा म्हटलं, मले नको होता हं, तुयासाठी घेऊन राह्यली. जमनाबाईंचा तीस वर्षांचा तवा सगळ्यांत शेवटी निघाला. त्यांनी तो पदराने पुसला, एकदा छातीशी धरला, आणि पूनमच्या हातात देताना दम भरला की साबणाने घासशील तं हात तोडीन.

ताट आणि चादर मात्र पूनमने कुणाला दिली नाही. कुणी मागितलीही नाही.

सहा घरं झाली. सातवं दार वरच्या मजल्यावर, पूनमच्या समोरचंच. तिथे जोशीकाका राहतात. तहसीलमधून निवृत्त, पत्नी गेल्यापासून एकटे, पांढरा सदरा, वागण्यात शिस्त. पूनम दिवा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. त्यांनी चष्मा लावून दिवा पाहिला, चालू केला, बंद केला आणि परत दिला.

"चांगला आहे. पण हे देणं झालं नाही, बाळा. हा बदलीचा बाजार झाला. तुला कमी काहीच नाही, मला कमी काहीच नाही, मग मी दिलं काय?"

"बाकी सगळ्यांनी देल्लं," पूनम म्हणाली.

"त्यांनी दिलं असेल. मला जमणार नाही. तुला काही कमी पडलं की ये. मी कुठं जातो?"

दिवेलागणीला जिन्याच्या पायऱ्यांवर बैठक बसली. खालच्या पायऱ्यांवर माणसं, वरच्यांवर बाया, मधल्या वळणावर आम्ही. जमनाबाई म्हणाल्या, जोश्याले सगळीकडं शिक्का लागते. कुणी म्हणालं, सहा झाल्या, पुष्कळ झाल्या. कुणी म्हणालं, पहिल्या पोरापासून सात आहेत, आज सहा केल्या तर उद्या चार होतील. जोशीकाका चष्मा पुसत बसले होते. शीलाताईंनी त्यांना सरळ विचारलं, काका, तुमचं नाही म्हणायचं हाय का?

"मी नाही म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "मी फक्त अजून दिलेलं नाही."

शेवटी ठरलं ते असं. पूनमने सोमवारी राहायला यायचं. पोरीला रस्त्यावर ठेवायचं नाही, हे सगळ्यांना मान्य. पण खोली तिच्या नावावर धरायची नाही. होळीपर्यंत मुदत. तोवर सातव्या घरची वस्तू आली तर जिन्याच्या तळाच्या फलकावर तिचं नाव लागेल. नाही आली, तर खोली यादीतल्या पुढच्या मुलाला. आणि वस्तू काकांनी आणून द्यायची नाही. पूनमने जाऊन मागायची.

हे ऐकून पूनमचा चेहरा पडला. मला वाटलं, सोपं तर आहे. समोरचं दार, हात लांब केला की पोचतो. रेहानाने मला नंतर हळूच सांगितलं. रेहानाचं बालपणही बालगृहातच गेलंय. "दीदी," ती मला म्हणाली, मुलांची दीदी ती, पण मला तीच दीदी म्हणते, "आम्ही कधी मागितलंच नाही हो. रांगेत उभं राहायचं, नंबर आला की मिळायचं. काय कमी आहे ते सांगायचं कसं, हे कुणी विचारलंच नाही तर शिकणार कुठं?"

सोमवार, १९ जानेवारी. निघण्याचा दिवस.

पूनमचं सामान म्हणजे एक पिशवी आणि दुकानमालकाने भेट दिलेली गादी, तिनेच भरलेली. बाबरसरांनी ती एकट्याने वर नेली आणि मग कंबर धरून बसले.

बसला वेळ होता. बाबरसरांचं अक्षर चांगलं, म्हणून त्यांना जिन्याचा फलक नव्याने रंगवायला दिला. सात कुटुंबांची नावं त्यांनी निळ्या रंगात काढली. आठव्या ओळीवर पेन्सिलीची रेघ मारली, कुंचला बुडवला, शीलाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. सरांनी कुंचला रॉकेलमध्ये धुतला.

निरोप घ्यायला वर गेले तर पूनमच्या खोलीत जमनाबाई भाकरी थापत होत्या. नव्या तव्याला भाकर चिकटते म्हणे. तेव्हा आपला तवा तिथे, म्हणून पीठ घेऊन त्याही तिथे. पूनम शेगडीची आच कमी-जास्त करत होती आणि बोलणी खात होती. "एवढी आच कायले? भाकर हाय ते, प्रेत नाही." पहिली भाकर पूनमच्या ताटात पडली. लेबल अजून होतं, एक कोपरा सुटला होता.

समोरचं दार उघडं होतं. जोशीकाका वर्तमानपत्र वाचत होते, किंवा धरून बसले होते. मी त्यांना नमस्कार केला आणि, स्वभावाला औषध नाही, म्हटलं, काका, तिला अमुक लागेल, तमुक लागेल, तुम्हीच एखादं काढून ठेवा ना. त्यांनी पेपर खाली केला.

"मॅडम, तुम्ही तिच्या वतीने मागाल, तर मी तुमच्या सांगलीच्या जिन्यावर देईन, इथं नाही," ते म्हणाले आणि हसले. मला राग आला नाही. त्यांनी चहा विचारला, तो मात्र मी नाकारला, बस चुकली असती.

परतीच्या गाडीत दोन्ही पोती रिकामी, घडी करून मांडीवर. त्याच कंडक्टरने ओळखलं. विकलं का सगळं, म्हणाला. बाबरसर म्हणाले, बदलून आलो. बाभळींवरचा कापूस सकाळच्या उन्हात दिसत होता. मी आर्किटेक्टला लिहायचा कागद काढला आणि उमरखेड यायच्या आत लिहून टाकला: आठ खोल्या, एकेक करून घरांच्या मध्ये, वेगळी बाजू नको. मालक कुरकुरतील. त्यांना कसं पटवायचं ते मुद्दे पाठीमागे लिहिले.

सांगलीला येऊन आठवडा होत आला. कागद दिला, मालक कुरकुरले, बोलणी चालू आहेत. काल पूनमला फोन केला. जमनाबाई रोज येतात. नव्या तव्याला वळण लागेपर्यंत येतील, असं त्या म्हणतात. शीलाताई म्हणतात, नव्या तव्याला वळण लागायचं नाही. गोधडीवाल्या घरची सून रात्री दार वाजवून विचारते, थंडी वाजते का. कामावरून यायला उशीर झाला तर खालून हाक येते.

"आणि काकांकडे?" मी विचारलं.

"गेलती, ताई. दारापर्यंत गेलती."

"मग?"

"त्यांनी विचारलं, काय पाहिजे. मी म्हटलं काही नाही, सहज."

"मग?"

"मंग त्यांनी चहा पाजला."

चहा वस्तूत धरत नाहीत. मी शीलाताईंना विचारून घेतलं. तिच्या खोलीत काय कमी आहे ते मला इथे बसून पाठ आहे. खिडकीला पडदा नाही, पाणी भरून ठेवायला माठ नाही, घड्याळ नाही. जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि तिला विचारलं की आज जेवण काय केलंस. तिने सांगितलं, सोल्याची भाजी, थोडी खारट झाली.

होळीला अजून वेळ आहे. पूनमला समोरच्या दारी जाऊन काहीतरी मागायचं आहे. अजून मागितलेलं नाही.